शिकल्याची जमा

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे निघाले की पळस्पे फाटा मागे पडतो न पडतो तोच कोन गाव लागते. आपल्यापैकी अनेकांना हे नाव रस्त्यावरच्या पाटीपुरतेच ठाऊक असेल. भातशेतीच्या या पट्ट्यात आज गोदामांच्या उंच पत्र्याच्या भिंती उभ्या आहेत. एकीकडे जवाहरलाल नेहरू बंदर, दुसरीकडे पुण्याचा द्रुतगती मार्ग आणि गावातूनच सावळ्याकडून रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता. अशा ठिकाणी माल थांबणार, उतरणार, पुन्हा चढणार हे ओघानेच आले. मालाबरोबर माणसेही आली. आसपासच्या गावांतील आगरी तरुण, मराठवाडा-विदर्भातून आलेली मुले, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आणि घरचे आवरून सकाळच्या शिफ्टला येणाऱ्या बायका. मुंबईच्या बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगार व त्यांच्या वारसांसाठी म्हाडाने २०१६ च्या डिसेंबरात ज्या २,४१७ घरांची सोडत काढली, ती घरेही या कोनमधलीच. साच्यावर हात बसलेली पिढी आणि बारकोड स्कॅनर हाताळणारी पिढी अशा एका गावात शेजारी आल्या आहेत.

या सर्वांना काम कोण शिकवते, आणि ते शिकले हे कोण ठरवते, हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे. गेली काही वर्षे मी कोन-सावळा रस्त्यावरील एका गोदामात प्रशिक्षणाचे काम पाहते. प्रशिक्षण म्हणजे आता बहुतांशी ई-लर्निंग. मोबाइलवर वा टॅबवर पाठ उघडायचा, चित्रफीत पाहायची, शेवटी दहा प्रश्नांची उत्तरे द्यायची. गुण पुरेसे पडले की प्रमाणपत्र आपोआप तयार. बँका, रुग्णालये, शाळा, सरकारी कार्यालये, कारखाने सर्वत्र हीच पद्धत आली आहे. आपल्या समाजातील अनेक घरांत व्यवसाय आहे, कोणाचे गोदाम आहे, कोणाचा छोटा कारखाना, कोणाची दुकानांची साखळी. त्यांच्याही टेबलावर अशा प्रशिक्षणाचे प्रस्ताव येत असतील. म्हणून जे जवळून पाहिले, ते येथे मांडते.

माझे सासरे वयाच्या चौदाव्या वर्षी पनवेलच्या एका धान्याच्या पेढीवर कामाला बसले. पहिले सहा महिने त्यांना वहीला हात लावू दिला गेला नाही. झाडलोट, पाणी भरणे, पोती मोजणे, मग तराजू. पोत्यातून काढलेले मूठभर दाणे तळहातावर पसरून ओल, किडका दाणा, मिसळ कशी ओळखायची ते पाहणे. त्यानंतर रोजमेळ आणि बऱ्याच काळानंतर खतावणी. ते एकदा मला म्हणाले, “सूनबाई, पेढीवर कोणी शिकवायला बसत नसे, पण चूक झाली की त्याच क्षणी कोणीतरी बघत असे.” शिक्षणशास्त्राच्या अनेक व्याख्यानांनी मला जे सांगितले नाही, ते या एका वाक्याने सांगितले.

मात्र त्या पेढीचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेथे शिकायला मिळे ते ओळखीच्या घरातील मुलालाच; मुलींचा तर प्रश्नच नव्हता. दिवाणजींची मर्जी असेल तितकेच ज्ञान खाली झिरपे आणि कितीतरी मोलाच्या गोष्टी ते मुद्दाम हातच्या राखून ठेवीत. शिकवणारा चांगला भेटला तर भाग्य, नाही तर वर्षे वाया. गोदामात एका वेळी शेकडो माणसे कामाला असतात, त्यांतली कितीतरी दर हंगामात बदलतात, तेथे एकेका मुलाला सहा महिने शेजारी बसवून शिकवणे शक्य नाही. प्रत्येकाला तोच पाठ, त्याच तपशिलाने, हवा तितक्या वेळा मिळावा, ही ई-लर्निंगची मूळ प्रेरणा न्याय्य आहे. प्रश्न तिच्या हेतूचा नाही. ती संस्थेत मुरते कशी, याचा आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. २००१ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एम.एस.-सी.आय.टी. हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला. गावोगावच्या लहान केंद्रांतून तो पोहोचला. पाठ संगणकावर, मराठीतही उपलब्ध, आणि शेजारी शंका सोडवायला एक जिवंत माणूस, अशी त्याची रचना होती. पुढे राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना संगणक-परीक्षा ठरावीक मुदतीत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. न होणाऱ्यांची वेतनवाढ रोखण्याची तरतूद झाली आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट मिळाली. त्या काळात किती घरांत आई-बाबा आपल्या मुलांच्या शेजारी बसून माउस धरायला शिकले, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. सक्तीने माणसे केंद्रापर्यंत आली, हे खरे. पण परीक्षा उत्तीर्ण होऊन कार्यालयात परतल्यावर ज्यांच्या टेबलावर संगणकच नव्हता, त्यांचे शिकलेले कोठे गेले? प्रमाणपत्र सेवापुस्तकात नोंदले गेले आणि बोटे पुन्हा कागदाकडे वळली.

याउलट तलाठ्यांचे उदाहरण पाहावे. ई-फेरफार आला, सातबारा संगणकावर गेला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांना मिळू लागला. आता काम संगणकावाचून होणेच शक्य नव्हते. दारात शेतकरी उभा आहे, नोंद अडली आहे, आणि शेजारच्या सजाचा सहकारी फोनवरून सांगतो आहे की अमुक ठिकाणी दाबा. त्या धडपडीत जे शिकले गेले ते टिकले. ज्या दिवशी काम शिकण्याची मागणी करते, त्या दिवशी शिकणे रुजते. केवळ परिपत्रक मागणी करते तेव्हा फक्त नोंद रुजते.

पुढील काळात हा प्रवाह फार मोठा झाला. शिक्षकांसाठीचे दीक्षा हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निष्ठा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम प्रत्यक्ष वर्गांतून सुरू झाला होता. महासाथीमुळे २०२० मध्ये तो याच व्यासपीठावर न्यावा लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदी ऐन भरात असताना, करोनाशी लढणाऱ्या आघाडीच्या कर्मचाऱ्यांसाठी दीक्षावरच प्रशिक्षणाचे पाठ उपलब्ध झाले. संरक्षक पोशाख कसा चढवावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कसा उतरवावा, हे शिकवण्यासाठी तेव्हा वर्ग भरवणेच अशक्य होते. गिरणी कामगारांची कोनमधील ती घरे त्याच काळात विलगीकरणासाठी घेतली गेली होती. त्या दिवसांत या रस्त्याने जाताना त्या इमारतींकडे पाहून मनात येई की आत वावरणाऱ्या माणसांच्या हातून हातमोजा उतरवताना एकही चूक होऊन चालणार नाही. त्या वेळी ई-लर्निंग ही सोय नव्हती, गरज होती. त्याच वर्षी २ सप्टेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मिशन कर्मयोगीला मान्यता दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी आणि पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपये, अशी त्याची योजना होती. आपल्या राज्यात २०२२ मध्ये शिक्षकांचे वरिष्ठ वेतनश्रेणी व निवडश्रेणीचे प्रशिक्षणही ऑनलाइन झाले.

एवढी मोठी माणसे आणि एवढा पैसा या मार्गाने जात असताना मोजायचे काय, हा प्रश्न कळीचा ठरतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये काही लेखांतून प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला ते कसे वाटले. तो काय शिकला. कामावर परतल्यावर त्याची वागणूक बदलली का. आणि त्यातून संस्थेला व कामाला काय फळ मिळाले. संगणकाला पहिल्या दोन पायऱ्या झटपट मोजता येतात. किती जणांनी पाठ उघडला, किती गुण पडले, किती तारे दिले, हे रात्रीत कळते. तिसरी पायरी मोजायला मात्र कोणीतरी जागेवर जाऊन उभे राहावे लागते, आणि चौथीला धीर लागतो. म्हणून बहुतेक संस्था दुसऱ्या पायरीवर घर बांधतात आणि तिलाच माडी समजतात.

या समजुतीची किंमत कोण मोजतो, ते मी आता सांगणार आहे. घटना मी रुजू होण्याच्या आदल्या वर्षीची. गोदामाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. असे कोठेही घडू शकते. दुपारी डॉकवर गाडी लागली होती. फोर्कलिफ्ट पॅलेट घेऊन मागे येत होती, आणि रॅकच्या कोपऱ्यावरून वळून एक लोडर त्याच वाटेत आला. त्याचा पाय चाकाखाली सापडला. मराठवाड्यातून आलेला, लग्नाला दोन वर्षे झालेला तरुण. कित्येक महिने तो अंथरुणावर होता.

चौकशीत संगणकावरील नोंदी काढल्या गेल्या. चालक आणि लोडर दोघांनाही ‘गोदामातील सुरक्षित वावर’ या पाठात पूर्ण गुण होते. अहवालात वाक्य लिहिले गेले, “कामगार प्रशिक्षित होता, त्याने नियम पाळले नाहीत.” या एका वाक्याने दोष कंपनीच्या खात्यातून निघून त्या मुलाच्या नावे पडला, आणि त्याच्या बिनकामाच्या महिन्यांचा पगार अडकला.

मी रुजू झाल्यावर जुन्या नोंदी चाळताना त्याच नोंदींच्या शेजारचा रकाना पाहिला. तेथे वेळ लिहिलेली होती. अर्ध्या तासाचा पाठ त्या लोडरने चार मिनिटांत संपवला होता. त्याच्या आधी आणि नंतर, एकापाठोपाठ एक, त्याच तुकडीतील इतरांच्या परीक्षा त्याच दुपारी, एकाच फोनवरून झाल्या होत्या आणि सर्वांना पूर्ण गुण होते. मी त्याला भेटायला गेले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “मॅडम, तो पाठ मी बघितलाच नाही. मुकादमांनी ओटीपी मागितला, मी दिला. गाडी थांबवून बघायला वेळ कुठला होता?”

मुकादमाला दुष्ट ठरवणे सोपे आहे, पण तेही खरे नाही. कंत्राटदाराला पैसे मिळत गाडीमागे. पाठ पाहायला शिफ्टमध्ये वेळ राखलेला नव्हता. तो ‘आपल्या सवडीने’ पाहायचा होता. पाठ इंग्रजीत, किंवा जड भाषांतरित हिंदीत. दर सोमवारी मुख्य कार्यालयातून यादी येई. ज्यांचे पाठ अपुरे त्यांची नावे लाल, पुरे झालेल्यांची हिरवी. लाल नावे जास्त असली की मुकादमाला फोन येई. त्याने आपल्या परीने सर्व नावे हिरवी केली. वरून जे मागितले गेले होते, नेमके तेच खालून पाठवले गेले. शिकणे कोणी मागितलेच नव्हते.

आपल्या वाचकांना हिशेबाची भाषा जवळची आहे, म्हणून त्या भाषेत सांगते. रोख हाती आलेली नसताना वहीत जमा दाखवली तर आपण तिला खोटी जमा म्हणतो. वही जुळते, पण तिजोरी रिकामी राहते, आणि ज्या दिवशी देणेकरी दारात उभा राहतो त्या दिवशी सत्य बाहेर येते. न झालेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ही तशीच खोटी जमा आहे. फरक इतकाच, की येथे देणेकरी म्हणून फोर्कलिफ्टचे चाक येते आणि वसुली कामगाराच्या पायातून होते.

आणि हे देणे आहे, उपकार नव्हे. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. तीत कलम १११-क घालण्यात आले, आणि आपल्या सुरक्षिततेविषयी व आरोग्याविषयी माहिती मिळणे, त्यासाठी प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. रसायनी-पाताळगंगेच्या परिसरात, जेथे वाऱ्याची दिशाही माणसे लक्षात ठेवतात, या शब्दाचे वजन वेगळे सांगायला नको. हक्काचे देणे फेडल्याची नोंद आणि ते खरोखर फेडणे यांत अंतर पडू लागले, तर नवे तंत्र ते अंतर अधिक सफाईने झाकते, एवढेच.

आमच्या गोदामाला सुदैवाने नवे प्रमुख लाभले. त्यांनी ऐकून घेतले आणि बदलाला मोकळीक दिली. पहिला बदल वेळेचा. रोज शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटे शिकण्यासाठी राखली, कामाच्या वेळेत, पगारासकट. कंत्राटदाराच्या करारातही ती लिहिली गेली. ज्या गोष्टीला संस्था वेळ देत नाही ती तिला महत्त्वाची वाटत नाही, हे कामगार कोणाहीपेक्षा लवकर ओळखतात.

दुसरा बदल पाठांचा. अर्ध्या तासाच्या जागी तीन-चार मिनिटांचे पाठ केले, एका पाठात एकच गोष्ट. ते आमच्याच डॉकवर, आमच्याच यंत्रांवर, मोबाइलने चित्रित केले. बोलणारा आवाज एका आगरी फोर्कलिफ्ट चालकाचा. “दादा, मागं बघितल्याबिगर गाडी मागं घ्यायची नाय,” असे तो म्हणतो तेव्हा पाठ परका राहत नाही. मुख्य कार्यालयातील गुळगुळीत चित्रफितीत दिसणारे परदेशी गोदाम पाहून आमच्या माणसांना ते सिनेमासारखे वाटे. आपला खांब, आपली पिवळी रेघ आणि आपला सोबती पडद्यावर दिसल्यावर ते हसले, आणि मग लक्ष देऊन पाहू लागले.

तिसरा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पडद्यावरचे गुण म्हणजे अर्धेच शिक्षण असे ठरले. उरलेले अर्धे जागेवर. सुपरवायझरसमोर ती कृती करून दाखवायची. त्याने पाहिले, सही केली, तेव्हा नोंद पुरी. सासऱ्यांच्या पेढीवरचे ते ‘कोणीतरी बघत असे’ येथे परत आणावे लागले. सुपरवायझरांची प्रथम कुरकुर झाली. त्यांनाही कोणी शिकवायला शिकवले नव्हते. म्हणून आधी त्यांचे वर्ग घेतले: चूक दिसली तर ओरडू नये, हात धरून थांबवावे, पुन्हा करायला लावावे, आणि बरोबर झाले तर तसे तोंडाने म्हणावे.

चौथा बदल उजळणीचा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की पाठ केलेले विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. त्याने निरर्थक अक्षरगट पाठ केले होते, आणि एका दिवसातच त्यातला बराच मोठा भाग निसटलेला असे. म्हणजे वर्षातून एकदा दिवसभर प्रशिक्षण देऊन उरलेले वर्ष शांत बसणे हे विसरण्याचीच व्यवस्था करण्यासारखे आहे. आमचा पाठ आठवड्याने आणि मग महिन्याने पुन्हा येतो, पण प्रश्नरूपाने. आपल्या शाळेच्या पुस्तकात धड्याखाली ‘स्वाध्याय’ असे, तो उगीच नव्हता. धडा वाचल्याने नव्हे, स्वाध्याय सोडवल्याने अंगी लागतो.

या सर्वाचा पहिला परिणाम काय झाला असेल? आमच्या गोदामाचा हिरवा रंग उतरला. सही मिळेपर्यंत नोंद पुरी होत नसल्याने अर्धी नावे लाल दिसू लागली. मुख्य कार्यालयातून विचारणा आली की इतर ठिकाणी सर्व सुरळीत असताना तुमच्याकडेच हे मागासलेपण का? आमच्या प्रमुखांनी शांतपणे उत्तर लिहिले, “हा आकडा खरा आहे, एवढेच त्याचे वैशिष्ट्य.” त्या काही महिन्यांत त्यांच्या बढतीची चर्चा थांबली होती, हे मला ठाऊक आहे. खरे आकडे दाखवणाऱ्याला आरंभी किंमत मोजावी लागते. म्हणूनच असे बदल तळातून सुरू झाले तरी वरच्या माणसाच्या आधाराशिवाय टिकत नाहीत.

आम्ही आणखी एक वही ठेवली, कागदाची, डॉकजवळ टांगलेली. नाव ठेवले ‘थोडक्यात वाचलो’. ज्याला अपघात होता होता टळल्याचे जाणवेल त्याने तेथे लिहावे, लिहिता येत नसेल तर सोबत्याकडून लिहवून घ्यावे. त्यावरून कोणालाही शिक्षा नाही. सुरुवातीला वही कोरीच राहिली. मग एकाने लिहिले, दोघांनी लिहिले. त्यातून कळले की रॅकच्या त्या वळणावर समोरचे दिसतच नाही, आणि मोठे पंखे सुरू असताना फोर्कलिफ्टचा मागे येण्याचा भोंगा ऐकूच येत नाही. दोन वर्षे आम्ही ज्याला अज्ञान समजत होतो, ती निम्मी तरी अडचण होती. तेथे गोल आरसा लावला, पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी आखली, भोंग्यासोबत लाल दिवा बसवला. प्रत्येक दोष शिकवून दूर होत नसतो. काही दोष गवंड्याने आणि वायरमनने दूर करायचे असतात. अपघातानंतर आणखी एक पाठ बनवणे ही फार स्वस्त सांत्वना आहे.

त्या अहवालातील वाक्याचे काय झाले, हे सांगायला हवे. ते बदलावे म्हणून मी वेळेच्या रकान्यासह सविस्तर टिपण दिले. बरेच महिने उत्तर आले नाही. अखेर मूळ अहवालाला एक पुरवणी जोडली गेली: “प्रशिक्षणाची नोंद आढळते, प्रशिक्षण झाल्याचे आढळत नाही.” त्या आधारे अडकलेल्या पगाराचा काही भाग त्या मुलाला मिळाला. पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. तो आता बसून करायच्या कामावर, पावत्यांच्या टेबलाशी आहे. नव्या मुलांच्या तुकडीला तो स्वतःहून पाय दाखवतो आणि म्हणतो, “ओटीपी कोणाला द्यायचा नाही.” आमच्या कोणत्याही पाठाला इतके लक्ष मिळत नाही.

हे सारे वाचून कोणी ई-लर्निंगच नको म्हणेल, तर त्याला मी आमच्याकडील एका ताईंची गोष्ट सांगेन. जवळच्या गावातून येणाऱ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. स्कॅनरला त्या इतक्या घाबरत की हातात देताच हात मागे घेत. चारचौघांत विचारायची लाज. त्यांनी मराठी पाठ मोबाइलवर घेतला आणि रात्री भांडी आवरल्यावर, सर्व निजल्यावर, पुन्हा पुन्हा पाहिला. किती वेळा, हे त्यांनाही सांगता येत नाही. “ती बाई पडद्यावर चिडत नाही ना,” एवढेच त्या म्हणाल्या. सकाळी सुपरवायझरसमोर करून दाखवताना हात थरथरत होते, पण एकही चूक झाली नाही. आज नव्याने येणाऱ्या बायकांना स्कॅनर त्याच शिकवतात. पेढीच्या काळात त्यांना उंबरठ्यापाशीही कोणी उभे केले नसते. चिडत नाही असा पडदा आणि बघते असे माणूस, या दोन्हींची त्यांना गरज होती.

आपल्यापैकी जे मालक आहेत, भागीदार आहेत, किंवा ज्यांची मुले आता व्यवसायात लक्ष घालू लागली आहेत, त्यांना एक विनंती. प्रशिक्षणाचा प्रस्ताव घेऊन कोणी आले की तो विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतला आहे की माणसाच्या झोपेतला? पाठ त्याच्या भाषेत आणि त्याच्या कामाच्या जागेचा आहे का? पडदा बंद झाल्यावर त्याचे काम कोण पाहणार, आणि त्या पाहणाऱ्याला त्यासाठी सवड व मान आहे का? आणि उद्या काही अघटित झाले, तर ही नोंद त्या माणसाला वाचवण्यासाठी उघडली जाईल की त्याच्यावर बोट रोखण्यासाठी?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर करारात कोठेही लिहिलेले नसते. ते प्रत्येक धन्याला स्वतःच द्यावे लागते, आणि अपघात होण्यापूर्वीच द्यावे लागते. आपल्या वाडवडिलांनी दिवाळीला वहीपूजन केले ते वहीतला आकडा खरा राहावा म्हणून. आता वही पडद्यावर गेली आहे आणि तीत रुपयांबरोबर माणसांची नावेही जमा होऊ लागली आहेत. तेथेही जमा खरीच असावी, इतकीच अपेक्षा.